बेळगावच्या रस्त्यांवर सायकल शर्यत: मार्शल कुठे, किती आणि कसे

उसाने भरलेला, मागे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर शेताच्या वाटेवरून येऊन डांबरी रस्ता ओलांडतोय. ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या मिळून लांबी साधारण 16 मीटर, रस्त्याची रुंदी 7 मीटर. शेवटच्या ट्रॉलीचं मागचं चाक रस्त्याबाहेर पडायला त्याला 23 मीटर सरकावं लागतं. भरलेल्या गाडीचा अशा ठिकाणचा वेग ताशी 5 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 1.4 मीटर. एकूण 16 ते 17 सेकंद. तेवढ्यात ताशी 40 किलोमीटरने येणारा सायकलस्वारांचा घोळका 180 मीटरांहून जास्त पुढे आलेला असतो.

रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत मार्शलचं, म्हणजे मार्गावर झेंडा आणि शिट्टी घेऊन स्वारांना आणि गाडीवाल्यांना सावध करणाऱ्या माणसाचं, काम काय, ते या हिशेबात दिसतं. तो वेळ मिळवून देतो. सायकलस्वाराला वेग कमी करायला वेळ, ट्रॅक्टरवाल्याला थांबायला वेळ, पडलेल्याच्या मागून येणाऱ्यांना बाजूने निघायला वेळ. आपल्याकडे आयोजकांचा पहिला प्रश्न असतो, ‘मार्शल किती लागतील?’ खरं तर आधी विचारायचं ते हे की या जागी मार्शलला किती सेकंद मिळतात. त्याचं उत्तर मिळालं की संख्या आपोआप ठरते.

वरच्याच फाट्यावर अलीकडे वळण असेल आणि घोळका 100 मीटरवर आल्यावरच दिसत असेल, तर मार्शलच्या हातात 9 सेकंद उरतात. ट्रॅक्टर एकदा डांबरीवर चढला की संपलं, कारण दोन भरलेल्या ट्रॉल्या मागे घेता येत नाहीत. ट्रॅक्टर शेताच्या वाटेवर असतानाच थांबवायला हवा. ओलांडण्याचे 17 सेकंद आणि ड्रायव्हरला हात करून, बोलून थांबवण्याचे 10 सेकंद धरले तर 27 सेकंद लागतात, म्हणजे 300 मीटर. म्हणून जड वाहनं जिथे रस्ता ओलांडतात तिथे 300 मीटर सरळ दिसत नसेल तर दुसरा माणूस वळणाच्या अलीकडे उभा करायचा. त्याचं काम एकच: घोळका दिसला की लांब शिट्टी मारून पुढच्याला कळवायचं.

सायकलस्वार ब्रेक मारेल, या भरवशावर राहू नये. कोरड्या डांबरावर ताशी 40 च्या वेगात एकट्या स्वाराला थांबायला 23 मीटरच्या आसपास लागतात: ब्रेक लावायचं सुचेपर्यंत 11 आणि ब्रेक लागल्यावर 12. घाट उतरताना वेग 60 वर गेला की हा आकडा 45 मीटरवर जातो. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुप्पट धरावं. पण घोळक्यात हा हिशेबच लागू होत नाही. तिथे पुढच्याचं मागचं चाक आणि मागच्याचं पुढचं चाक यांत अर्धा मीटरही नसतो. पुढच्याने कचकन ब्रेक मारला की मागचे त्याच्यावर जाऊन आदळतात. घोळक्याला थांबायचं अंतर पुरत नाही. हळूहळू वेग कमी करत बाजूला सरकता येईल एवढी मोकळीक लागते, आणि त्यासाठी किमान 100 मीटर आधी इशारा मिळायला हवा.

जॅकेट घातलं म्हणून अधिकार येत नाही

वाहतूक अडवायचा किंवा वळवायचा अधिकार आपल्याकडे पोलिसांचा आहे. पिवळं जॅकेट आणि शिट्टी मिळाली म्हणून तो मार्शलकडे येत नाही. ब्रिटनमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या मार्शलना 2002 च्या पोलिस सुधारणा कायद्याखाली मान्यता मिळू शकते आणि ते ठरावीक फलक दाखवून गाड्या थांबवू शकतात. फ्रान्समध्ये शर्यतीसाठी नेमलेले लोक सज्ञान आणि वाहन परवानाधारक असावे लागतात. त्यांच्या हातात एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवा असा फलक असतो. आपल्या मार्शलला यातलं काही नाही. त्याला फक्त विनंती करता येते, आणि सगळं नियोजन हे धरूनच करावं लागतं.

म्हणून ज्या चौकात वाहनं थांबवणं भागच आहे, तिथे पोलिस किंवा पोलिसांच्या आदेशाखालचा होमगार्ड हवा. तिथे मार्शल त्याला ‘आले’ एवढं सांगतो. बाकीच्या फाट्यांवर विनंती, आणि विनंती चालते ती बोलणाऱ्या माणसामुळे. उचगाव, तुडये, जांबोटी या बाजूला ‘मामा, दोन मिनिटं थांबा, सायकली येतायत’ म्हटलं की बहुतेक गाडीवाले थांबतात. हुक्केरी, गोकाककडे तेच ‘अण्णा, स्वल्प निंद्री’ म्हणून सांगावं लागतं. गावातल्याच तरुण मंडळाची पोरं त्या गावच्या फाट्यावर ठेवावीत. बाहेरगावच्या अनोळखी पोराने हात केला तर गाडीवाला हॉर्न वाजवून पुढे जाईल, पण गावातल्याच कुणी हाक मारली तर थांबेल. जिथे मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात अशा गावांत जोडी अशी लावावी की दोन्ही भाषा भागतील.

मार्शलला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पक्की सांगावी. गाडी थांबत नसेल तर तिच्याशी भांडायचं नाही आणि तिच्यासमोर तर उभं राहायचंच नाही. लगेच तोंड सायकलस्वारांकडे करायचं, झेंडा वर, शिट्टी जोरात. गाडीवाला ऐकत नाही तेव्हा ऐकणारा एकच पक्ष उरतो, तो म्हणजे सायकलस्वार. अपघात होतात ते बऱ्याचदा मार्शल ड्रायव्हरशी हुज्जत घालत असताना त्याची पाठ शर्यतीकडे असते म्हणून.

उभं कुठे राहायचं

अडथळ्याजवळ उभा राहिलेला मार्शल काही कामाचा नाही. स्वाराला तो दिसेपर्यंत अडथळाही दिसलेलाच असतो. सपाट रस्त्यावर अडथळ्याच्या 30 मीटर अलीकडे, उतारावर 60 ते 80 मीटर अलीकडे उभं राहावं. ज्या बाजूला खड्डा, दुभाजकाचं टोक किंवा वाळू असेल त्याच बाजूला, डांबराच्या कडेबाहेर. स्वार झेंड्यापासून लांब सरकतात, त्यामुळे झेंडा चुकीच्या बाजूला असेल तर तो घोळक्याला सरळ खड्ड्यात ढकलतो.

झेंडा पिवळा, दोन फूट बाय दोन फूट, दांडी तीन फुटांच्या आसपास. तो खांद्याच्या वर, अडथळ्याच्या दिशेने तिरका धरायचा आणि मनगटातून थोडा हलवायचा. नुसता स्थिर धरलेला झेंडा लांबून कपड्याच्या रंगात मिसळून जातो, आणि वेड्यासारखा फिरवला तर कुठल्या बाजूला जायचं तेच कळत नाही. दुसरा हात मोकळा ठेवून त्याने जायची दिशा दाखवायची. शिट्टी लांब-लांब, एकसारखी. पहिला स्वार 100 मीटरवर आला की सुरुवात, आणि शेवटचा पुढे जाईपर्यंत बंद नाही. घोळक्याच्या मधल्या आणि मागच्या लोकांना पुढचं काहीच दिसत नसतं. ते शिट्टीच्या आवाजावरूनच सावध होतात. आत गोळी असलेल्या शिट्ट्या थुंकीने चिकटतात, त्यामुळे बिनगोळीच्या घ्याव्यात.

लाल झेंडा मार्शलच्या हातात देऊ नये. हातात धरलेला लाल झेंडा म्हणजे शर्यत थांबली, एवढाच अर्थ त्याला ठेवावा. तो पोलिसांकडे, शर्यतीच्या पुढे चालणाऱ्या गाडीकडे आणि ठरलेल्या दोन-तीन जबाबदार लोकांकडेच असावा. एकाच फाट्यावर लाल झेंड्याने गाड्या थांबवायच्या आणि त्याच झेंड्याने स्वारांना सावध करायचं, असं केलं की पहिलाच स्वार गोंधळून ब्रेक मारतो.

वळणावर सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे वळण संपताना बाहेरची कड. वेग आवरला नाही की स्वार तिथेच फेकला जातो. मार्शल, प्रेक्षक, फोटो काढणारे, उभी मोटरसायकल, यांतलं काही तिथे नको. मार्शलने वळणाच्या तोंडाला, आत शिरायच्या आधी उभं राहावं.

सकाळच्या उन्हाचाही विचार करावा. जानेवारीत बेळगावला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसात-आठला पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्वाराच्या आणि गाडीवाल्याच्या, दोघांच्याही डोळ्यांत ऊन जातं. तेव्हा मार्शल सूर्याच्या रेषेत उभा असेल तर दिसतच नाही. त्याने रस्त्याच्या सावलीतल्या बाजूला, झाडांची गर्द पार्श्वभूमी मिळेल असं उभं राहावं. जांबोटी, कणकुंबीकडे थंडीत धुकं असतं. 150 मीटर दिसत नसेल तर शर्यत सुरू करायची नाही, थांबायचं. हा निर्णय स्टार्टला उभ्या असलेल्या माणसाने घ्यायचा नसतो, मार्गावर सगळ्यात वरच्या जागी असलेल्या मार्शलला फोन करून घ्यायचा असतो.

आपल्या रस्त्यांवरचे धोके

मार्शलिंगची बाहेरची पुस्तकं वाचली तर त्यांत दुभाजक, ट्रामचे रूळ, पार्क केलेल्या मोटारी सापडतात. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातले धोके वेगळे आहेत आणि ते महिन्यागणिक बदलतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भात आणि नाचणी कापली की ती मळायला आणि वाळवायला रस्त्यावर पसरतात. सायकलला तो काडाचा थर दोन प्रकारे नडतो. वर चढलेलं अरुंद टायर बाजूला घसरतं, आणि काड मागच्या गिअरमध्ये गुंडाळलं की डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) मोडतो किंवा चाक जाम होतं. पसरणारी माणसं आपलं काम करत असतात आणि रस्ता त्यांच्या दारातला आहे. आदल्या दिवशी जाऊन, ‘उद्या सकाळी सात ते दहा एवढी बाजू मोकळी ठेवाल का, मावशी?’ असं विचारलं तर बहुतेक जण ऐकतात. मार्शलने त्या सकाळी फावडं आणि खराटा घेऊनच जावं.

नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम. ट्रॅक्टर हा एक भाग झाला. त्याच्या चाकांनी शेतातून आणलेला चिखल, ट्रॉलीतून पडलेली कांडी आणि पाला हा दुसरा. सुकलेला पाला सरकतो, ओली कांडी चाकाखाली लाटण्यासारखी फिरते. कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हंगामात शर्यत ठेवूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. टाळता येत नसेल तर कारखान्याच्या शेती विभागाकडे जाऊन त्या दोन-तीन तासांपुरती वाहतूक दुसऱ्या बाजूने वळवता येईल का ते विचारावं. बैलगाड्या मात्र वळवता येत नाहीत. घोळका बैलांच्या बाजूने जाताना मार्शलने शिट्टी बंद करायची, कारण शिट्टीने बैल बुजतात. तिथे फक्त झेंडा.

गतिरोधक. इंडियन रोड काँग्रेसच्या शिफारशीतला गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. सायकल तो सहज पार करते. गावोगावी लोकांनी घातलेले गतिरोधक मात्र अर्ध्या-पाऊण मीटर रुंदीचे, बांधासारखे ताठ असतात आणि त्यांच्यावर पांढरे पट्टेही नसतात. मागून येणाऱ्याला ते दिसत नाहीत आणि तिथे हात हँडलवरून निसटतात. आदल्या दिवशी प्रत्येक गतिरोधकावर पांढऱ्या चुन्याचा किंवा रंगाचा पट्टा ओढावा आणि 50 मीटर अलीकडे रस्त्यावर बाण काढावा. एकापाठोपाठ तीन-चार असतील तर पहिल्याच्या अलीकडे एक मार्शल पुरतो. उतारावर असेल तर त्या एकट्यासाठीही माणूस हवा.

रेल्वे गेटबद्दल दुमत नको. बेळगाव-खानापूर-लोंढा मार्गाजवळून शर्यत नेताना उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग असलेलीच वाट घ्यावी. गेट असलेला रस्ता घेतलाच तर गेट पडत असताना किंवा बंद असताना ओलांडणारा स्वार बाद, हे सगळ्यांना आधी सांगावं. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचाही, म्हणजे यूसीआयचाही, नियम तोच आहे. तरीही फ्रान्समधल्या 2015 च्या पॅरिस-रूबे शर्यतीत गेट पडत असताना स्वार रूळ ओलांडत होते आणि काही क्षणांत तिथून गाडी गेली. व्यावसायिक स्वारांनासुद्धा मोह आवरत नाही, म्हणून गेटवर नुसता मार्शल पुरणार नाही, पोलिस हवा. आणि गेट उघडं असलं तरी रूळ तिरके असतील तर टायर खाचेत अडकतं. स्वारांना रूळ काटकोनात ओलांडायला सांगावं लागतं.

म्हशी आणि कुत्री यांना वेळापत्रक असतं. म्हशी सकाळी आठ-साडेआठला सुटतात आणि ती वेळ प्रत्येक गावात वेगळी असते. गावात जाऊन विचारा, ती वेळ मार्शलच्या कागदावर लिहा. कुत्र्यांसाठी त्या गल्लीतला माणूस लागतो.

मार्ग आखतानाच निम्मे मार्शल वाचतात

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. त्यामुळे डावं वळण घेताना समोरची वाहतूक आडवी येत नाही, उजवं घेताना येते. मार्ग घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारा असला की सगळी मुख्य वळणं डावी होतात. प्रत्येक उजव्या वळणासाठी किमान तीन माणसं आणि बहुधा पोलिस लागतो, डाव्यासाठी दोघांत भागतं. जाऊन-येऊन मार्ग असेल तर यू-टर्न येतोच. तिथे रस्त्याची रुंदी कमी असते, परतणारे आणि येणारे समोरासमोर असतात, आणि स्वार ताशी 10 वर येतात. तिथे मधोमध 40 मीटर लांब शंकूंची रांग, दोन्ही टोकांना मार्शल आणि मागची वाहतूक अडवायला पोलिस, एवढं हवंच.

राष्ट्रीय महामार्ग 48 वर शर्यत घेऊ नये. तो ओलांडायचा झाला तर खालून, भुयारी मार्गाने.

संख्या काढायची रीत सोपी आहे. शर्यत ज्या वारी आणि ज्या वेळी असेल त्याच वारी, त्याच वेळी मोटरसायकलवरून ताशी 20 ने मार्ग फिरायचा. मागे बसलेल्याने प्रत्येक वळण, डांबरी फाटा, शाळा, देऊळ, गतिरोधक, तुटलेली कड किलोमीटरसह लिहायची. रविवारी सकाळी एखाद्या गावी बाजार असतो, तो मंगळवारी फिरून कळत नाही. समजा 20 किलोमीटरची फेरी आहे. चार डावी वळणं, प्रत्येकी दोन, म्हणजे आठ. मधली दोन गावं, प्रत्येकी चार, आणखी आठ. सहा डांबरी फाट्यांना सहा. उसाचा एक फाटा, तिथे तीन. स्टार्ट-फिनिशला सहा. झाले 31. आजारी पडणारे, गाडी पंक्चर होणारे धरून चार जादा. म्हणजे 35. हीच शर्यत 60 किलोमीटरच्या एकाच मोठ्या फेरीत घेतली तर हा आकडा जवळपास तिप्पट होतो. तीच 20 ची फेरी तीनदा मारली तर 35 जणांत भागतं.

फेऱ्यांच्या शर्यतीला एक अडचण आहे. पुढचे ताशी 38 ने आणि मागचे 25 ने जात असतील, तर तिसरी फेरी संपेपर्यंत पुढच्यांनी मागच्यांना एक अख्खी फेरी गाठलेलं असतं. तेव्हा मार्शलला दोन वेगवेगळ्या वेगांचे घोळके एकत्र सांभाळावे लागतात. म्हणून एक फेरी मागे पडलेल्या स्वाराला फिनिशला बाहेर काढण्याचा नियम आधी जाहीर करावा.

शेवटचा टप्पा सरळ आणि सपाट किंवा किंचित चढाचा असावा. 5 ऑगस्ट 2020 ला पोलंडमधल्या शर्यतीत कातोवित्से इथे उतारावर फिनिश होतं. तिथे फाबियो याकोब्सेन हा स्वार बॅरिकेडवर आदळून मरता मरता वाचला. यूसीआयच्या नियमात फिनिशच्या आधी किमान 300 मीटर आणि नंतर 100 मीटर बॅरिकेड लागतात. आपल्या छोट्या शर्यतींत नंतरचे 100 मीटर हमखास विसरले जातात. ताशी 50 ने रेषा ओलांडलेल्या स्वारांना वेग उतरवायला जागा लागते, आणि नेमके तिथेच नातेवाईक आणि मोबाइल घेतलेले लोक उभे असतात.

वेळ, आणि हिरवा झेंडा

प्रत्येक मार्शलला दोन वेळा लिहून द्याव्यात: पहिला स्वार कधी आणि शेवटचा कधी. सातला सुटलेल्या 60 किलोमीटरच्या सलग शर्यतीत चाळिसाव्या किलोमीटरवर पहिला 8.03 ला पोचेल आणि शेवटचा 8.36 ला. मार्शल तिथे 7.15 पर्यंत उभा असावा. सगळ्यात जास्त घडणारी चूक ही की पुढचा घोळका गेला की मार्शलला वाटतं झालं. तो चहाला जातो, झेंडा गुंडाळतो, आणि मागचे दमलेले, एकटे-दुकटे स्वार मोकळ्या झालेल्या फाट्यावर येतात. म्हणून शर्यतीच्या पुढच्या गाडीवर लावलेला लाल झेंडा (इथे त्याचा अर्थ शर्यत येतेय एवढाच) आणि सगळ्यात मागच्या गाडीवर हिरवा झेंडा असतो. हिरवा झेंडा पुढे गेल्याशिवाय जागा सोडायची नाही. फेऱ्यांच्या शर्यतीत हिरवा झेंडा शेवटच्या फेरीतच लावायचा, नाहीतर पहिल्याच फेरीनंतर निम्मे मार्शल निघून जातात.

पुढची गाडी घोळक्याच्या 300 ते 500 मीटर पुढे असावी. जवळ असेल तर स्वार तिच्या आडोशाने वारा चुकवतात, फार लांब असेल तर मधल्या जागेत बाहेरची वाहनं घुसतात.

मोटरसायकलवरचे मार्शल फाट्यामागून फाटा धरत पुढे जातात. एक थांबतो, घोळका जाऊ देतो, मग घोळक्याला मागे टाकून पुढचा फाटा गाठतो. हे मागे टाकणं जोखमीचं आहे. 27 मार्च 2016 ला बेल्जियममधल्या गेंट-वेवेलगेम शर्यतीत पडलेल्या आंत्वान देमुआतिए या स्वाराला शर्यतीतल्याच मोटरसायकलने धडक दिली आणि तो गेला. त्यामुळे घोळक्याला उजवीकडूनच, सरळ आणि रुंद रस्त्यावर, आधी हॉर्न देऊन पार करावं. स्वारांपेक्षा ताशी 15-20 किलोमीटरहून जास्त वेग नको. वळण, उतार किंवा गाव आलं तर मागेच राहायचं. त्यासाठी पुढचा फाटा मोकळा राहिला तरी चालेल, तो कुणी उभ्या मार्शलने धरायचा. मागे बसणाऱ्याशिवाय मोटरसायकल मार्शल नसावा. चालवणाऱ्याने झेंडा धरायचा नाही.

स्वार पडला तर

पहिला विचार पडलेल्याचा येतो, आणि तो स्वाभाविक आहे. पण मार्शलचं पहिलं काम मागून येणाऱ्यांना थांबवणं. तो स्वतः 50 ते 100 मीटर मागे धावतो, झेंडा आणि शिट्टीने बाकीच्यांना मोकळ्या बाजूने काढतो. दुसरा माणूस पडलेल्याजवळ जातो. एकटाच मार्शल असेल तर आधी झेंडा, मग फोन, मग जखमी. क्रूर वाटतं, पण पडलेल्यावर दुसरे दहा जण येऊन पडले की जखम दहा पटींनी वाढते.

पडलेल्याला उठवायचं नाही, हेल्मेट काढायचं नाही, मान हलवायची नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरायचं. तोच प्रश्न परत-परत विचारत असेल, उलटी झाली असेल किंवा आठवत नसेल, तर तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी शर्यत सोडायला लावायची. फोनवर सांगायचं ते याच क्रमाने: कुठला किलोमीटर, किती जण पडले, बिब क्रमांक (स्वाराच्या अंगावरचा नंबर), शुद्धीत आहे का, श्वास चालू आहे का, रस्ता मोकळा आहे का. ‘लवकर या’ एवढ्यावर फोन ठेवला की रुग्णवाहिका कुठे पाठवायची ते कळत नाही. मदत करणाऱ्याला पुढे त्रास होईल ही भीती लोकांच्या मनात असते. मोटार वाहन कायद्यातलं 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 134अ चांगल्या भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, हे ब्रीफिंगमध्ये सांगावं.

रुग्णवाहिका शर्यतीच्या उलट दिशेने येऊ शकत नाही, ती समोरून घोळक्यात घुसेल. 60 किलोमीटरच्या एका फेरीत दोन रुग्णवाहिका समोरासमोर ठेवल्या, तर सर्वात वाईट जागी पोचायला एकीला 30 किलोमीटर जावं लागतं, म्हणजे ताशी 40 ने 45 मिनिटं. 20 च्या फेरीत तेच अंतर 10 किलोमीटर आणि वेळ 15 मिनिटं. छोटी फेरी निवडायला यापेक्षा मोठं कारण नाही. एक रुग्णवाहिका पेशंट घेऊन गेली आणि दुसरी उरली नाही, तर शर्यत थांबते. हे आधी लिहून ठेवावं, कारण त्या वेळी कुणालाच थांबवायचं धाडस होत नाही.

सीमेवरची जास्तीची कामं

वेंगुर्ले रस्त्याने बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. तिथून चंदगडचे पोलिस आणि कोल्हापूर जिल्हा. आंबोलीपर्यंत न्यायची तर सिंधुदुर्गही आला. अलीकडच्या बाजूलाही एकच कार्यालय नाही: काकती शहर पोलिस आयुक्तालयाकडे, खानापूर जिल्हा पोलिसांकडे. प्रत्येकाकडे वेगळा अर्ज, सोबत नकाशा, वेळा आणि फाट्यांची यादी. किमान महिनाभर आधी. इथे कन्नडमध्ये, पलीकडे मराठीत. एका राज्याची परवानगी पलीकडे चालत नाही. म्हणून पहिल्या वर्षी मार्ग सीमेच्या आत ठेवलेला बरा.

सीमेजवळ मोबाइल कुठल्या राज्याचा टॉवर पकडतो त्यावर 112 किंवा 108 चा फोन कुठे लागेल ते ठरतं. मार्शलच्या कार्डावर शर्यतीच्या रुग्णवाहिकांचे थेट नंबर पहिले आणि सरकारी नंबर त्यांच्या खाली असावेत. कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला रेंज जाते. तिथे वॉकी-टॉकी लागतात. परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या 446 मेगाहर्ट्झ पट्ट्यातले घ्यावेत. डोंगरात ते दीड-दोन किलोमीटरच चालतात, म्हणून मधे निरोप पुढे देणारा माणूस ठेवावा लागतो.

तारीख ठरवताना पोलिसांचं कॅलेंडर बघा. 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, बेळगावात सगळं पोलिसबळ बंदोबस्तात असतं. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधला विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर तेच. गणपती विसर्जन आणि सौंदत्तीच्या यात्रेचे दिवसही सोडा. परवानगी मिळाली तरी फाट्यावर माणूस मिळणार नाही.

आदला दिवस आणि त्यानंतर

ब्रीफिंग सभागृहात कमी, फाट्यावर जास्त. प्रत्येक मार्शलने आदल्या दिवशी आपल्या जागी उभं राहून 300 मीटर दिसतात का ते मोजावं. पावलांनी मोजलं तरी चालेल. दिसत नसतील तर तेव्हाच दुसरा माणूस मागावा. पिशवीत झेंडा, शिट्टी, दोन लिटर पाणी, खायला काहीतरी, कार्ड, पॉवर बँक, टोपी. खुर्ची नको. बसलेला मार्शल झेंडा वेळेवर उचलत नाही.

हिरवा झेंडा गेला की मार्शलने आपले बाण आणि शंकू काढून घ्यायचे. बाण तसेच राहिले तर पुढच्या रविवारी येणारा दुसरा गट त्यांच्यामागे जातो. मग त्याच दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, प्रत्येकाने चार ओळी लिहून द्यायच्या: कोणती गाडी थांबली नाही, कोण थोडक्यात वाचलं, कुठे वेळ कमी पडला, कोणत्या फाट्यावर आणखी माणूस हवा होता. पडलेल्यांची नोंद सगळेच ठेवतात. थोडक्यात वाचलेल्यांची कुणी ठेवत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या फाट्यांची यादी त्यांच्यावरूनच करायची असते.